तोफेला की शेताला?
एका मूलद्रव्याची दोन आघाड्यांवरची ओढाताण

'हेबर पद्धती' हा शब्द रसायनशास्त्र शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. एक भाग नायट्रोजन, तीन भाग हायड्रोजन, सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापमान, २०० वातावरण दाब, लोखंडाचा उत्प्रेरक आणि त्यातून मिळणारा अमोनिया. मुले हे पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि दोन गुण मिळवतात. खाली एक ओळ असते: 'या अमोनियापासून खते तयार करतात.' ओळ खरी आहे. पण अर्धीच खरी आहे.

एका शिक्षक शिबिरात हा विषय निघाला तेव्हा मागच्या बाकावरच्या एका बाईंनी विचारले, "ही पद्धत नेमकी पहिल्या महायुद्धाच्या तोंडावरच कशी काय आली? योगायोग म्हणायचा का?" प्रश्न साधा वाटला तरी त्याचे उत्तर देताना आम्हा दोघा-तिघांची चांगलीच तारांबळ उडाली. घरी आल्यावर वाचन केले, आणि लक्षात आले की हा प्रश्न धरून गेले तर युद्ध म्हणजे काय, हे इतिहासाच्या तासापेक्षाही विज्ञानाच्या तासाला जास्त स्पष्ट दाखवता येईल. कारण युद्धात आघाडीवरचा सैनिक आणि घरातली चूल एकाच कोठारातून खात असतात. १९१४ ते १९१८ या काळातल्या जर्मनीत त्या कोठाराचे नाव होते नायट्रोजन.

हवेत मुबलक, हातात नाही

आपल्या भोवतालच्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. तरीही शेतकरी नायट्रोजनसाठी पैसे मोजतो. असे का, हे मुलांना विचारून पहा. बहुतेक जण म्हणतील की झाडे पानांवाटे तो घेत असतील. ती घेत नाहीत. नायट्रोजनच्या रेणूतले दोन अणू एकमेकांना त्रिबंधाने इतके घट्ट धरून असतात की ते सुटता सुटत नाहीत. विजेच्या लोळाने ते थोडेफार सुटतात, आणि द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हे काम गुपचूप करत असतात. ज्वारीत तूर घेणारा किंवा बाजरीनंतर हरभरा पेरणारा आपला शेतकरी या जिवाणूंची मदत पिढ्यान्पिढ्या घेत आला आहे. गाठींमधले जिवाणू हे काम करतात हे मात्र हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८० च्या दशकात दाखवून दिले.

युरोपातली शहरे एकोणिसाव्या शतकात झपाट्याने वाढली. गहू जास्त पिकवायचा तर जमिनीला नायट्रोजन जास्त द्यायला हवा. शेणखत पुरेना. मग दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून समुद्रपक्ष्यांची वाळलेली विष्ठा जहाजे भरभरून आली. ती संपत आल्यावर चिलीच्या आटाकामा वाळवंटातला सोरा येऊ लागला. हा सोडियमचा नायट्रेट. पाऊस जवळजवळ पडतच नाही अशा वाळवंटात तो टिकून राहिला होता. आपल्याकडे बिहारमध्ये नोनिया समाजाचे लोक गावाभोवतीची, गोठ्याजवळची माती खरवडून, पाण्यात विरघळवून सोरा काढत. ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारातला तो एक मोठा माल होता. पण तो खतासाठी जात नव्हता. तो जात होता बंदुकीच्या दारूसाठी.

आपल्या गोष्टीची खरी मेख इथेच आहे. पिकाला लागणारा नायट्रोजन आणि स्फोटकाला लागणारा नायट्रोजन एकच असतो.

१८९८ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम क्रूक्स यांनी ब्रिस्टल येथे भाषण करताना इशारा दिला होता की चिलीचा सोरा कायमचा पुरणार नाही, आणि हवेतला नायट्रोजन बांधून घेण्याची युक्ती रसायनशास्त्रज्ञांनी शोधली नाही तर गहू खाणाऱ्या देशांवर उपासमारीची पाळी येईल. त्या वेळी चिलीच्या सोऱ्याचे सर्वात मोठे गिऱ्हाईक जर्मनी होते. हा सोरा समुद्रमार्गे यायचा आणि समुद्रावर सत्ता होती ब्रिटनची. जर्मन शास्त्रज्ञांना या प्रश्नाची घाई का होती, हे इथे कळते. शिबिरातल्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर असे: पद्धत युद्धासाठी शोधली गेली नाही. पण ज्या टंचाईच्या भीतीने ती शोधली गेली, तीच भीती युद्धात खरी ठरली.

टेबलावरून कारखान्यात

फ्रिट्झ हेबर यांच्यापुढची अडचण मोठी मजेदार होती. नायट्रोजन आणि हायड्रोजन यांचा संयोग होताना उष्णता बाहेर पडते. त्यामुळे रासायनिक समतोलाच्या दृष्टीने थंड वातावरण चांगले. पण थंड असताना त्रिबंध तुटत नाही आणि अभिक्रिया पुढे सरकतच नाही. तापवले तर अभिक्रिया वेगाने होते, पण तयार झालेला अमोनिया पुन्हा विघटित होतो. एका पायाला उजवीकडे आणि दुसऱ्याला डावीकडे ओढल्यासारखेच हे झाले. यावर हेबर यांनी तीन उपाय एकत्र योजले. चार आकारमान वायूंपासून दोनच आकारमान अमोनिया बनतो, म्हणून दाब खूप वाढवला. कमी तापमानालाही अभिक्रिया चालावी म्हणून उत्प्रेरक वापरला. आणि तयार होईल तो अमोनिया थंड करून लगेच बाजूला काढला व उरलेले वायू पुन्हा फिरवले. २ जुलै १९०९ रोजी कार्ल्सरूह येथे त्यांनी बी.ए.एस.एफ. कंपनीच्या लोकांना हे उपकरण चालवून दाखवले. त्यातून तासाला साधारण ८० ग्रॅम अमोनिया मिळत होता. एक पेलाभर म्हणा ना!

पेल्यातून टन काढण्याचे काम कार्ल बॉश यांच्याकडे आले. हेबर यांनी वापरलेला ऑस्मियम धातू जगात फार थोडा होता. अल्विन मिटाश यांनी हजारो मिश्रणे तपासली आणि थोडे ॲल्युमिना व पोटॅश मिसळलेले साधे लोखंड उत्तम काम करते असे शोधून काढले. पण पोलादाच्या नळ्या ८० तासांतच फुटू लागल्या. का? मुलांना विचार करू द्या. पोलादाची ताकद त्यातल्या कार्बनमुळे असते. इतक्या दाबाखाली तप्त हायड्रोजन पोलादात शिरतो, कार्बन ओढून घेतो आणि पोलाद ठिसूळ होते. बॉश यांनी आत कार्बन नसलेल्या मऊ लोखंडाचे अस्तर घातले. ते थोडा हायड्रोजन झिरपू देई. बाहेरच्या पोलादाला बारीक छिद्रे पाडली, म्हणजे झिरपलेला हायड्रोजन साठून न राहता निघून जाईल. युक्ती सांगितल्यावर सोपी वाटते, पण ती सुचायला दोन वर्षे गेली. सप्टेंबर १९१३ मध्ये लुडविग्सहाफेनजवळ ओपाऊ येथे कारखाना सुरू झाला. त्यात बनत होते खत.

"सोऱ्याचे वचन"

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले. दोन्हीकडच्या सेनापतींना वाटत होते की काही महिन्यांत निकाल लागेल. दारूगोळ्याचे साठेही त्याच हिशेबाने केलेले होते. सप्टेंबरमध्ये मार्न नदीच्या काठी जर्मन सैन्य अडले आणि खंदकांचे युद्ध सुरू झाले. खंदकांतल्या युद्धात तोफा अहोरात्र चालतात. साठे पाहता पाहता आटू लागले, आणि ब्रिटिश आरमाराने समुद्र बंद केला. १ नोव्हेंबर १९१४ रोजी चिलीच्याच किनाऱ्याजवळ कोरोनेल येथे जर्मन आरमाराने ब्रिटिशांचा पराभव केला, तेव्हा सोऱ्याची वाट मोकळी होईल अशी आशा वाटली असेल. पण ८ डिसेंबरला फॉकलंड बेटांजवळ ब्रिटिशांनी तीच तुकडी बुडवली.

स्फोटकांना नायट्रोजन का लागतो? टीएनटीचे उदाहरण घेऊ. त्याच्या रेणूत कार्बनच्या वलयाला तीन नायट्रो गट जोडलेले असतात, म्हणजे एक नायट्रोजन आणि दोन ऑक्सिजन असे तीन जोड. जळण्यासाठी लागणारा ऑक्सिजन रेणूतच, कार्बनच्या अगदी शेजारी ठेवलेला असतो. हवेची वाट पहायची गरज नसते. धक्का बसला की सगळे अणू क्षणार्धात नवीन जोडीदार शोधतात, आणि सुटे नायट्रोजन पुन्हा त्या घट्ट त्रिबंधात जाऊन बसतात. त्रिबंध तोडायला जितकी ऊर्जा लागते, तितकीच तो जुळताना बाहेर पडते. त्यातच सगळे पदार्थ तप्त वायू होऊन शेकडो पट फुगतात. सुरुंग, गोळी, तोफगोळा या सगळ्यांमागे हीच एक गोष्ट आहे. म्हणजे शेतकरी ज्या त्रिबंधाशी झगडतो, त्याच त्रिबंधाच्या जोरावर गोळा फुटतो.

नायट्रो गट जोडण्यासाठी नायट्रिक आम्ल लागते, आणि ते तोवर मुख्यतः चिलीच्या सोऱ्यापासून बनत असे. १९१४ च्या शरद ऋतूत बॉश यांनी युद्धखात्याला शब्द दिला की ओपाऊच्या अमोनियापासून नायट्रेट बनवून देऊ. इतिहासात हे 'सोऱ्याचे वचन' म्हणून ओळखले जाते. अमोनिया तप्त उत्प्रेरकावरून हवेबरोबर सोडला की नायट्रिक ऑक्साइड बनतो आणि पुढे आम्ल, ही रीत विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी आधीच दाखवलेली होती. मे १९१५ मध्ये ओपाऊतून नायट्रेट बाहेर पडू लागले. त्याच महिन्यात फ्रेंच विमानांनी लुडविग्सहाफेनवर बाँब टाकले. खत कारखाना हे आता लष्करी लक्ष्य झाले होते. म्हणून पुढचा, याहून मोठा कारखाना सीमेपासून दूर, देशाच्या मध्यभागी लॉयना येथे बांधला. मे १९१६ मध्ये पायाभरणी झाली आणि एप्रिल १९१७ मध्ये पहिला अमोनिया निघाला.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. हेबर-बॉश पद्धतीनेच जर्मनी चार वर्षे लढला असे सरधोपट विधान पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. प्रत्यक्षात कोळशाच्या भट्ट्यांतून मिळणारा अमोनिया आणि कॅल्शियम सायनामाइडची जुनी पद्धत यांचाही वाटा मोठा होता. पण या सगळ्या रीती मिळून जे करत होत्या ते हेच: समुद्रातून येणारा नायट्रोजन बंद झाल्यावर देशातच तो मिळवणे.

एक हिशेब फळ्यावर

कारखान्याच्या दारातून बाहेर पडणारा नायट्रोजन आता दोन रस्त्यांना लागणार होता. सैन्याची मागणी आधी. शेतांना मिळणारे नायट्रोजनयुक्त खत युद्धाच्या काळात निम्म्याहूनही कमी झाले. याचा अर्थ काय, ते मुलांबरोबर फळ्यावर करून पहावे.

टीएनटीच्या एका मोलचे वस्तुमान २२७ ग्रॅम. त्यात नायट्रोजनचे तीन अणू, म्हणजे ४२ ग्रॅम. प्रमाण साडेअठरा टक्के. समजा, एका मध्यम आकाराच्या गोळ्यात दीड किलो टीएनटी आहे. त्यात सुमारे २८० ग्रॅम नायट्रोजन झाला. गोळा तोफेतून बाहेर ढकलण्यासाठी लागणारी दारू आपण धरलेली नाही. आता खताकडे वळू. शेतात एक किलो नायट्रोजन जादा दिला तर ठोकळमानाने १५ ते २० किलो धान्य जास्त येते. जमीन, पाऊस, बियाणे यांवर हे अवलंबून असते, पण हिशेबासाठी २० धरू. मग एका गोळ्यापायी साडेपाच किलो धान्य गेले. १९१५ च्या सुरुवातीला जर्मनीत पिठाचे रेशन सुरू झाले तेव्हा माणशी दिवसाला सुमारे २२५ ग्रॅम पीठ ठरले होते. म्हणजे एक गोळा बरोबर एका माणसाचे जवळजवळ पंचवीस दिवसांचे पीठ.

असे दहा लाख गोळे धरले तर साडेपाच हजार टन धान्य होते. इतक्यात सुमारे ६७ हजार माणसांना वर्षभर ते रेशन देता आले असते. दहा लाख हा आकडा मोठा वाटतो का? १९१६ मध्ये सोमच्या लढाईआधी एकट्या ब्रिटिश तोफखान्याने आठवडाभरात पंधरा लाखांहून जास्त गोळे डागले होते. (त्यातले बरेच छऱ्याचे होते, त्यांत स्फोटक थोडे असते. म्हणून आपला हिशेब त्यांना जसाच्या तसा लावू नये.)

मुले हा हिशेब केल्यावर थोडी गप्प होतात, असा माझा अनुभव आहे. मग कुणीतरी हटकून विचारते, "पण सर, गोळेच नसते तर ते हरले असते ना?" हा प्रश्न टाळू नये. त्या वेळच्या जर्मन अधिकाऱ्यांपुढे तो अगदी याच शब्दांत होता.

डुकरांचा हिशेब

गणित बरोबर आणि उत्तर चूक, असे शाळेत होते तसे राष्ट्रांचेही होते. डिसेंबर १९१४ मध्ये जर्मनीतल्या काही नामवंत प्राध्यापकांनी देशाच्या अन्नाचा ताळेबंद मांडला. त्यात डुकरांचा खर्च डोळ्यात भरला. डुकरे बटाटे आणि धान्य खातात, म्हणजे माणसांच्या ताटातले खातात. धान्य डुकराला घालून मांस मिळवण्यात बरीचशी ऊर्जा वाया जाते, हे तर जीवशास्त्राच्या पुस्तकातही आहे. सल्ला निघाला की डुकरे मारावीत. १९१५ च्या पूर्वार्धात पन्नास लाखांहून जास्त डुकरे मारली गेली. जर्मन लोक आजही या घटनेला 'डुकरांची कत्तल' म्हणतात.

आधी बाजारात मांसाचा सुकाळ झाला. मग ते दिसेनासे झाले आणि भाव चढले. चरबी मिळेना. आणि ताळेबंदात ज्याची नोंद नव्हती ती गोष्ट पुढे आली: डुकरांबरोबर त्यांचे खतही गेले होते. कृत्रिम नायट्रोजन तोफांकडे वळवलेला आणि गोठ्यातला नायट्रोजन आपल्या हाताने कमी केलेला! प्राध्यापकांनी उष्मांक मोजले, नायट्रोजनचे चक्र मोजले नाही. नायट्रोजन चक्राची आकृती काढून घेताना ही गोष्ट सांगून पहा. बाणांची दिशा मुले विसरणार नाहीत.

शेतावरच्या बाकीच्या अडचणी वेगळ्याच. पुरुष आघाडीवर गेलेले, घोडे लष्कराने नेलेले, बाहेरून येणारे पशुखाद्य बंद. सरकारने एका जिनसाचे भाव बांधले की शेतकरी दुसऱ्या जिनसाकडे वळत, आणि काळा बाजार फोफावे. तेव्हा उपासमारीचे खापर एकट्या नायट्रोजनवर फोडता येणार नाही.

सलगमचा हिवाळा

१९१६ चा उन्हाळा थंड आणि पावसाचा गेला. बटाट्यावर करपा पडला. हाच रोग १८४५ नंतर आयर्लंडमध्ये दुष्काळ घेऊन आला होता. पण १९१६ पर्यंत त्यावर औषध सापडलेले होते: मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण. आपल्या नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागाईतदारांना ते चांगले ठाऊक आहे. अडचण अशी की मोरचूद तांब्यापासून होतो, आणि तांबे काडतुसांच्या पितळेसाठी, तोफगोळ्यांच्या कड्यांसाठी आणि विजेच्या तारांसाठी हवे होते. १९१५ पासूनच घराघरांतली तांब्यापितळेची भांडी सरकारजमा होत होती. पुढे चर्चच्या घंटाही उतरवल्या गेल्या. शेतावर फवारायला तांबे कोण देणार? बटाट्याचे पीक आदल्या वर्षीच्या सुमारे निम्म्यावर आले.

त्या हिवाळ्यात लोकांनी खाल्ला तो रुटाबागा. सलगमचा हा जाड सालीचा भाऊबंद एरवी गुरांना घालत. त्याचा पाव, त्याचे सूप, त्याचा मुरंबा, त्याची कॉफीसुद्धा! १९१६-१७ च्या या हिवाळ्याला जर्मन भाषेत 'सलगमचा हिवाळा' असेच नाव पडले. शहरात रेशनवर मिळणारे अन्न काही आठवडे दिवसाला हजार उष्मांकांच्या आसपास होते, म्हणजे प्रौढ माणसाच्या गरजेच्या निम्म्याहून कमी.

साबणसुद्धा युद्धाने खाल्ला. तेल-चरबीपासून साबण करताना ग्लिसरीन सुटते, आणि ग्लिसरीनला नायट्रिक आम्ल लावले की नायट्रोग्लिसरीन होते. चरबीची टंचाई झाल्यावर जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी साखर आंबवून ग्लिसरीन मिळवण्याची रीत काढली. म्हणजे आता साखरही तोफेत जाऊ लागली. घरात जो साबण मिळे त्यात माती मिसळलेली असे. शाळांतली मुले गटागटाने बाहेर पडत आणि फळांच्या कोयी गोळा करत, कारण त्यांतून तेल निघते. बायकांना केस द्यायचे आवाहन केले गेले. कारखान्यांतले पट्टे विणायला ते लागत.

हे फक्त जर्मनीत चालले होते असे नाही. ब्रिटनमध्ये कॉर्डाइट ही धूररहित दारू बनवायला ॲसिटोन लागे. खाइम वाइझमान या रसायनशास्त्रज्ञाने मक्याच्या पिठावर जिवाणू वाढवून ॲसिटोन मिळवण्याची रीत काढली होती. आपल्या नाशिकलाही त्या युद्धात ॲसिटोनसाठी एक कारखाना उभारण्यात आला. १९१७ मध्ये जर्मन पाणबुड्यांनी धान्याची जहाजे बुडवायला सुरुवात केली, तेव्हा मका माणसांना पुरवायचा की जिवाणूंना, हा प्रश्न आला. मग शाळांमार्फत मुलांना सांगितले गेले की हॉर्स चेस्टनटची फळे गोळा करा. ही फळे माणसांना खाता येत नाहीत. ती कशासाठी हवीत, ते गुप्त ठेवले होते. मुलांनी हजारो टन गोळा केली, शाळांच्या आवारांत आणि रेल्वे स्थानकांत ढीग लागले. वाहतुकीअभावी त्यातली पुष्कळ सडली आणि जी कारखान्यात पोचली त्यांतून ॲसिटोन फार थोडा मिळाला. गणवेश घालण्याआधीच मुले अशी युद्धाच्या कामाला लागली होती, आणि हे काम त्यांना शिक्षकांनी दिले होते.

उंचीची पट्टी

११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्ध थांबले, पण नाकेबंदी जुलै १९१९ पर्यंत पूर्ण उठली नाही. उपासमार आणि त्यातून बळावलेले क्षय, न्यूमोनिया यांसारखे आजार यांनी जर्मनीत किती नागरिक दगावले, यावर मतभेद आहेत. त्या वेळचा सरकारी अंदाज साडेसात लाखांवर होता, तर नंतरचे काही अंदाज सव्वाचार लाखांच्या आसपास आहेत. लहान आकडा धरला तरी तो लहान नाही.

जे जगले त्यांचे काय झाले, याचा एक पुरावा मात्र शिक्षकांनी मुद्दाम पहावा असा आहे. जर्मन शाळांत मुलांची उंची आणि वजन नियमितपणे मोजून वहीत लिहून ठेवत. युद्धातही ही पद्धत थांबली नाही. मेरी एलिझाबेथ कॉक्स या इतिहास संशोधिकेने १९१४ ते १९२४ या काळातल्या जवळजवळ सहा लाख मुलांच्या अशा नोंदी जमवून २०१५ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांची वाढ खुंटलेली आकड्यांत स्पष्ट दिसते. कामगारांच्या मुलांची सर्वात जास्त, खात्यापित्या घरांतल्या मुलांची कमी. म्हणजे नाकेबंदी सगळ्यांवर सारखीच होती, उपासमार नव्हती.

त्याच आकड्यांत दुसरीही गोष्ट दिसते. युद्धानंतर परदेशांतून अन्नाची मदत आली. अमेरिकेतल्या क्वेकर पंथाच्या लोकांनी १९२० पासून शाळांतून जेवण देणे सुरू केले. भराच्या काळात दिवसाला दहा लाखांहून अधिक मुले ते जेवत होती. आणि ज्या कामगार घरांतल्या मुलांची वाढ सर्वात जास्त खुंटली होती, त्यांचीच उंची सर्वात वेगाने भरून आली. कालपर्यंतच्या शत्रूच्या देशातून आलेले हे अन्न होते. आपल्याकडे १९९५ पासून शालेय पोषण आहार आला, त्याच्या नोंदी ठेवताना अनेक शिक्षक वैतागतात, आणि ते वैतागणे समजण्यासारखे आहे. पण भिंतीवरची पट्टी आणि वजनकाटा किती दूरची साक्ष देऊ शकतात, हे या वह्यांवरून कळते.

हेबर यांच्याबद्दल काय सांगायचे?

हा प्रश्न वर्गात येतोच. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममध्ये ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला. ती सगळी तयारी हेबर यांच्या देखरेखीखाली झाली होती. त्यांची पत्नी क्लारा इमेरवार ब्रेस्लाऊ विद्यापीठातून रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवणारी पहिली स्त्री होती. तिने २ मे १९१५ रोजी स्वतःवर गोळी झाडून घेतली. वायुहल्ल्याला तिचा विरोध होता असे सांगितले जाते. तिच्या मृत्यूमागे तेवढे एकच कारण होते असे मात्र खात्रीने म्हणता येत नाही. हेबर लगेच पूर्व आघाडीवर निघून गेले. अमोनियाच्या शोधासाठी त्यांना १९१८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा अनेक देशांतून निषेध झाला. ते जन्माने ज्यू होते. १९३३ मध्ये नाझी राजवट आल्यावर त्यांना देश सोडावा लागला आणि १९३४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बाझल येथे त्यांचा मृत्यू झाला.

मी मुलांना हे सगळे सांगतो आणि निकाल देत नाही. एकदा एका मुलाने म्हटले, "सर, वाईट माणसाने चांगला शोध लावला." दुसऱ्याने लगेच सुधारले, "शोध चांगला पण नाही आणि वाईट पण नाही." तिसरी मुलगी म्हणाली, "पण माणूस तर ठरवू शकतो ना, कारखान्याचा नळ कुठे सोडायचा?" तास संपल्याची घंटा झाली, पण वाद मधल्या सुट्टीतही चालू राहिला.

आज जगातल्या सुमारे निम्म्या लोकांचे अन्न हेबर-बॉश पद्धतीच्या नायट्रोजनवर उभे आहे, असा अंदाज आहे. हायड्रोजन आता मुख्यतः नैसर्गिक वायूपासून मिळवतात. म्हणून २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि वायूचे भाव भडकले तेव्हा युरोपातले कित्येक अमोनिया कारखाने काही काळ बंद ठेवावे लागले. जगाच्या बाजारात युरियाची किंमत चढली. आपल्याकडे दुकानात गोणीचा भाव फारसा हलला नाही, कारण वाढीव किंमत सरकारी अनुदानातून भरली गेली. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना पुढच्या तासाला येताना युरियाच्या रिकाम्या गोणीवर काय काय छापले आहे ते उतरवून आणायला सांगा. त्यावर ४६ टक्के नायट्रोजन असे लिहिलेले सापडेल. मग टीएनटीच्या साडेअठरा टक्क्यांच्या शेजारी तो आकडा फळ्यावर मांडून, पंचेचाळीस किलोच्या एका गोणीत किती गोळ्यांपुरता नायट्रोजन आहे, ते त्यांनाच काढू द्या.